पेल्यातली साखर मोजताना

गेल्या वर्षी जून महिन्यात माझ्या रक्ततपासणीत एचबीएवनसी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेचा आकडा, ६.१ आला. हा आकडा ५.७ ते ६.४ या पट्ट्यात असला की त्याला मधुमेहपूर्व अवस्था म्हणतात. वडील आणि थोरले काका या दोघांचाही मधुमेह जवळून पाहिलेला असल्यामुळे हा आकडा माझ्या मनाला चांगलाच लागला. डॉक्टरांशी बोलून, त्यांच्या देखरेखीखाली मी केटो आहार सुरू केला. दिवसभरात कर्बोदके ३० ग्रॅमच्या आत ठेवायची, म्हणजे पोळी, भात, बटाटा, साबुदाणा हे सगळे बंद, आणि नाशिककराला सर्वांत जड जाणारी गोष्ट म्हणजे मिसळीसोबतचे पावही बंद. महिन्याभरात शरीराला त्याची सवय झाली. प्रश्न उरला तो शनिवारच्या संध्याकाळचा.

इंदिरानगरच्या आमच्या घराच्या गच्चीवर गेली दहा-बारा वर्षे शनिवारी संध्याकाळी मी, सौ. आणि अधूनमधून निफाडहून येणारा मेहुणा असे बसतो. मला कॉकटेल करण्याची मनापासून आवड आहे. लिंबू पिळणे, पुदिना हलक्या हाताने चुरणे, बर्फ नीट निवडणे ही कामे मी एखाद्या स्वयंपाकासारखी करतो. त्यामुळे डॉक्टरांना पहिल्याच भेटीत स्पष्ट विचारले. त्यांनी परवानगी दिली, पण अटी घालून: आठवड्यातून एकदाच, ६० मिलीपेक्षा जास्त नाही आणि रिकाम्या पोटी कधीही नाही. यामागचे कारणही त्यांनी समजावून सांगितले. मद्य पोटात गेले की यकृत बाकीची कामे मागे ठेवून आधी त्याची विल्हेवाट लावते, आणि तेवढा वेळ नवीन साखर तयार करण्याचे त्याचे काम मंदावते. केटोवर असलेल्या माणसाच्या यकृतात साखरेचा साठाही कमीच असतो. म्हणून जे इन्शुलिन घेतात किंवा साखर उतरवणाऱ्या ठरावीक गोळ्यांवर आहेत, त्यांची साखर अशा वेळी धोकादायक पातळीपर्यंत खाली येऊ शकते. मी कोणतेही औषध घेत नव्हतो, म्हणून मला मुभा मिळाली. पुढचे सगळे वाचताना ही बाब कृपया लक्षात ठेवावी.

आता घरात मिक्सर म्हटले की चटणी वाटायचे यंत्र डोळ्यांसमोर येते, पण इथे मिक्सर म्हणजे मद्यात मिसळायचे पेय: सोडा, टॉनिक, कोला, फळांचा रस, सरबत. सुरुवातीला या मिक्सरकडे माझे लक्षच गेले नाही, मी फक्त मद्याचा हिशेब करत राहिलो. जिन, व्होडका, व्हिस्की, रम ही ऊर्ध्वपातन करून काढलेली मद्ये असतात. वाफ होऊन वर गेलेले अल्कोहोल पुन्हा थंड करून घेतले जाते आणि साखर मागे भांड्यातच राहते, म्हणून वेगळा स्वाद किंवा गोडवा न घातलेल्या अशा मद्यात कर्बोदके जवळपास शून्य असतात. बिअरचे तसे नाही. ६५० मिलीच्या बाटलीत वीसएक ग्रॅम कर्बोदके सहज निघतात, त्यामुळे ती पहिल्याच दिवशी बाद झाली. आपल्याकडे ४२.८ टक्क्यांचे मद्य मिळते, त्याच्या ६० मिलीत सुमारे २० ग्रॅम अल्कोहोल आणि १४० उष्मांक असतात. ते उष्मांक मी दिवसाच्या हिशेबात धरले, जिन निवडली आणि नेहमीप्रमाणे तिच्यात टॉनिक वॉटर ओतत राहिलो. टॉनिक कडू लागते, त्यामुळे त्यात साखर असेल अशी शंकाही मला कधी आली नव्हती.

ती शंका आली ऑगस्टमधल्या एका शनिवारी. सातपूरच्या कारखान्यात माझे काम गुणवत्ता तपासणीचे आहे, आलेल्या मालाची कागदपत्रे पूर्ण वाचल्याशिवाय मी सही करत नाही. त्या दिवशी सौ. म्हणाली, “अहो, कारखान्यातला बोल्टसुद्धा तुम्ही मोजून घेता, मग हा डबा न वाचता कसा पिता?” मी डबा दिव्याखाली धरला. पोषणमूल्यांचा चौकोन डब्याच्या मागच्या बाजूला, बारकोडला चिकटून, इतक्या बारीक अक्षरांत छापलेला होता की चष्मा काढून डबा डोळ्यांजवळ न्यावा लागला. १०० मिलीमागे साखर ८ ग्रॅमच्या वर, आणि डबा ३०० मिलीचा. गुणाकार केला तेव्हा २४ ग्रॅमच्या पुढे आकडा गेला. दिवसभर भाजीतला कांदासुद्धा तोलून घालणारा मी रात्री एका पेल्यात जवळपास अख्ख्या दिवसाची कर्बोदके रिचवत होतो. पुढे मी निरनिराळ्या कंपन्यांची टॉनिक पाहिली. १०० मिलीमागे साधारण ५ ते ९ ग्रॅम साखर हा त्यांचा पल्ला निघाला. टॉनिकचा कडूपणा येतो क्विनीनचा, म्हणजे सिंकोना झाडाच्या सालीतल्या द्रव्याचा. ते फार कडू असल्यामुळेच त्यात एवढी साखर घालावी लागते आणि कडूपणाच्या आड ती जिभेला कळत नाही.

त्या रात्रीच मी एक वही केली आणि पुढचे तीन शनिवार मोजमाप केले. जेवण तिन्ही वेळा तेच ठेवले: पनीर, काकडी आणि लोण्यावर परतलेली फरसबी. जिनही तेवढीच, ६० मिली. पहिल्या शनिवारी टॉनिक, दुसऱ्या शनिवारी साधा सोडा आणि तिसऱ्या शनिवारी जिन न घेता नुसते टॉनिक. ग्लुकोमीटरवर पेय घेण्याआधी आणि एक तासाने साखर पाहिली. जिन आणि टॉनिकने ती ९८ वरून १४१ वर गेली, जिन आणि सोड्याने ९७ वरून ९३ वर आली, आणि नुसत्या टॉनिकने ९९ वरून १४८ झाली. हे एका माणसाचे, घरच्या यंत्रावरचे आकडे आहेत आणि त्यांना त्याहून अधिक वजन मी देत नाही, पण माझ्यापुरता प्रश्न त्यांनी मिटवला. आमच्या घरात दोष जिनला दिला जात होता आणि साखर मात्र तिच्या सोबतीला ओतलेल्या पेयातून येत होती.

मोजमापात माझी एक चूक झाली, तीही इथे नोंदवतो, कारण ती अनेकांची होत असावी. सुरुवातीचे दोन महिने मी केटोसिस, म्हणजे शरीर साखरेऐवजी चरबी जाळून कीटोन नावाची द्रव्ये तयार करते ती अवस्था, पाहण्यासाठी लघवीच्या पट्ट्या वापरत होतो. रविवारी सकाळी पट्टीचा जांभळा रंग फिका यायचा आणि आदल्या रात्रीच्या पेगने सगळे बिघडवले असे मी धरून चालायचो. नंतर वाचनातून समजले की त्या पट्ट्या ॲसिटोॲसिटेट नावाचा एकच कीटोन दाखवतात. मद्य पचत असताना शरीरातले संतुलन बीटा-हायड्रॉक्सीब्युटिरेट या दुसऱ्या कीटोनकडे झुकते आणि तो पट्टीला दिसतच नाही. म्हणजे फिक्या रंगावरून केटोसिस सुटले असे म्हणता येत नाही. मी रक्तातून कीटोन मोजणारे यंत्र घेतले. त्याच्या पट्ट्या महाग पडतात, म्हणून फक्त रविवारी सकाळी एकदा मोजायचे ठरवले. सोड्यासोबत पेग घेतलेल्या रात्रीनंतर आकडा ०.८ ते १.१ असा मिळायचा. ०.५ ते ३ या मर्यादेत असला की त्याला आहारजन्य केटोसिस म्हणतात.

एकदा हिशेबाची गोडी लागल्यावर मी माझी सगळी आवडती पेये वहीत उतरवली. समभाग साखर-पाण्याच्या पाकात ३० मिलीमागे सुमारे १८ ग्रॅम साखर असते, त्यामुळे तो पाक घालून केलेले ‘व्हिस्की सावर’ हे कॉकटेल तिथेच संपले. ३०० मिली कोलात ३२ ग्रॅमच्या आसपास, म्हणून रम आणि कोला गेले. संत्र्याच्या रसात १०० मिलीमागे १० ग्रॅम, अननसाच्या रसात १२ ते १३, डाळिंबाच्या रसात १३. रस घरी काढलेला असो वा खोक्यातला, यात फारसा फरक पडत नाही, कारण फळाची स्वतःची साखर रसात पूर्ण उतरते आणि चोथा मागे राहतो. खोक्यावर ‘साखर घातलेली नाही’ असे छापलेले असते, ते शब्दश: खरे असते आणि तरीही आत तेवढीच साखर असते. सरकारच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने जून २०२४ मध्ये खोक्यांवरचा ‘१०० टक्के फळांचा रस’ हा दावा काढून टाकायला सांगितला, तेव्हा मला फार बरे वाटले. शहाळ्याच्या पाण्याबद्दल माझी मोठी आशा होती, पण त्यातही १०० मिलीमागे चारएक ग्रॅम असतात आणि एका शहाळ्यातून पाव लिटर किंवा त्याहून जास्त पाणी निघते. यादीतले तीनच पदार्थ खऱ्या अर्थाने वाचले: सोडा, लिंबू आणि बर्फ. एका कागदी लिंबाच्या रसात सुमारे २ ग्रॅम कर्बोदके असतात आणि एका पेल्याला अर्धे लिंबू पुरते.

यानंतर मी जे केले ते बहुतेक जण करतात: साखर काढून तिच्या जागी गोड चवीचे दुसरे काही बसवायला गेलो. या खटपटीत माझे तीन महिने गेले.

कॉलेज रोडवरच्या एका मोठ्या दुकानातून साखरविरहित टॉनिक आणले. आपल्या देशातील नियमानुसार पेयावर ‘शुगर फ्री’ लिहायचे असेल तर १०० मिलीमागे साखर ०.५ ग्रॅमपेक्षा जास्त असता कामा नये, आणि ‘लो शुगर’ असे लिहायला २.५ ग्रॅमपर्यंत मुभा आहे. हे दोन शब्द डब्यावर सारख्याच ठसठशीत अक्षरांत असतात. ‘लो शुगर’चा ३०० मिलीचा डबा प्यायलो तर ७.५ ग्रॅमपर्यंत साखर पोटात जाऊ शकते. माझ्या ३० ग्रॅमच्या मर्यादेत हा चौथा हिस्सा झाला. साखरविरहित टॉनिक हिशेबात बसले, पण घोट गिळल्यावर जिभेच्या मागच्या बाजूला एक गोडसर लेप राहायचा आणि जिनचा जुनिपर फळांचा सुगंध त्याखाली दबून जायचा.

मग लिंबू-सोड्यात घालायला पुड्या आणल्या. सुक्रालोज साखरेच्या सुमारे ६०० पट गोड असते, त्यामुळे ते चिमटीत मावावे म्हणून त्यात भर घालावी लागते. ही भर अनेकदा डेक्स्ट्रोज किंवा माल्टोडेक्स्ट्रिनची असते, आणि ही दोन्ही कर्बोदकेच आहेत, रक्तातली साखर झपाट्याने वाढवणारी. पुडी एक ग्रॅमची असली तर जवळपास सगळा ग्रॅम त्या भरीचाच असतो. एक-दोन पुड्यांनी मोठे बिघडत नाही, परंतु घटकांची यादी वाचल्याशिवाय मी आता कोणतीही पुडी फोडत नाही. थेंबांच्या स्वरूपातले स्टीव्हिया या बाबतीत निर्मळ असते, पण तिसरा थेंब पडला की पेय ज्येष्ठमधाच्या काढ्यासारखे लागू लागते.

एरिथ्रिटॉलवर मी सर्वांत जास्त वेळ घालवला. ते साखरेच्या ६० ते ७० टक्के गोड असते, रक्तातली साखर वाढवत नाही आणि बहुतांशी न बदलता लघवीवाटे बाहेर पडते. त्याचा पाक करून मी काचेच्या बाटलीत भरला आणि बाटली फ्रिजमध्ये ठेवली. दुसऱ्या दिवशी पाहतो तो बाटलीच्या तळाशी सुयांसारखे पारदर्शक स्फटिक एकमेकांत गुंतून बसलेले, आणि वरचे पाणी जवळजवळ बेचव. खोलीच्या तापमानाला हे द्रव्य पाण्यात साखरेपेक्षा खूपच कमी विरघळते आणि थंडीत त्याहूनही कमी. नाशिकची डिसेंबरातली थंडी अशी की बाटली ओट्यावर ठेवली तरी स्फटिक धरत होते. बाटली गरम पाण्यात उभी करून ते विरघळवायचे, पेला तयार करायचा, आणि बर्फाला लागताच पेल्यात पुन्हा कचकच सुरू. त्याच सुमारास २०२३ मधल्या दोन गोष्टी वाचनात आल्या. रक्तातले एरिथ्रिटॉल जास्त असलेल्या लोकांमध्ये हृदयविकार आणि पक्षाघाताचे प्रमाण जास्त आढळल्याचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. तो संबंध दाखवणारा होता, कारण सिद्ध करणारा नव्हता. शिवाय जागतिक आरोग्य संघटनेने वजन आटोक्यात ठेवण्यासाठी साखरेऐवजी सुक्रालोज, स्टीव्हिया यांसारख्या गोड द्रव्यांवर विसंबू नये असे मार्गदर्शन केले होते. मी घाबरलो नाही, पण बाटली धुऊन ठेवली.

याहूनही एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते आणि ती फार कमी लोकांना ठाऊक असते. २००६ साली ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेड येथे आठ निरोगी पुरुषांवर एक लहान प्रयोग झाला. व्होडका एकदा साखरेच्या पेयात आणि एकदा कृत्रिम गोडीच्या पेयात मिसळून त्यांना दिली गेली. साखरेच्या पेयाने पोट निम्मे रिकामे व्हायला सुमारे ३६ मिनिटे लागली, बिनसाखरेच्या पेयाने सुमारे २१. परिणामी बिनसाखरेच्या वेळी रक्तातल्या मद्याचे शिखर ०.०३४ टक्क्यांवरून ०.०५३ टक्क्यांवर गेले. मद्य तेवढेच होते, फक्त मिक्सर बदलला होता. केटो सुरू केल्यापासून एकाच पेगने डोके जड होते असे मी सौ.ला अनेकदा म्हणालो होतो, त्याचे एक कारण मला इथे सापडले. त्या दिवसापासून ६० मिलीचा एक पेग मी दोन पेल्यांत ३०-३० मिली असा विभागतो, मध्ये अर्धा तास जाऊ देतो आणि आधी पनीर किंवा अंडी पोटात असतील याची काळजी घेतो. मेहुण्याला परत निफाडला गाडी चालवत जायचे असेल तर त्याच्या पेल्यात मद्य नसतेच. हा नियम आधीही होता, आता त्यावर चर्चाही होत नाही.

बाहेरचा एक अनुभव सांगणे भाग आहे. ऑक्टोबरात एका हॉटेलात आम्ही एका आप्तांच्या निवृत्तीनिमित्त गेलो होतो. मी व्होडका, ताजे लिंबू आणि सोडा, साखर अजिबात नको, असे तीनदा सांगितले. पेला आला, चव आंबट-गोड होती. वाढणाऱ्याने साखर घातली नसल्याची खात्री दिली आणि त्याच्या दृष्टीने तो खरेच बोलत होता. मी उठून विनंती केल्यावर त्यांनी बाटली दाखवली: लिंबाच्या स्वादाचा तयार पाक, ज्याच्या घटकांत पहिले नाव साखरेचे होते. तिथे ‘लिंबू’ म्हणजे ती बाटली असा अर्थ रूढ होता. मला राग आला, आणि तो अजूनही पूर्ण गेलेला नाही, कारण माझ्या जागी इन्शुलिनचा डोस मोजून घेणारा माणूस असता तर त्याचा सगळा हिशेब त्या एका बाटलीने चुकवला असता.

ही सगळी खटपट झाल्यावर मी वहीत वेगळा प्रश्न लिहिला. गोडवा सोडला तर मिक्सर पेल्यात नेमके काय करतो? मद्याचा जळजळीतपणा सौम्य करतो, पेय लांबवतो, बुडबुड्यांनी सुगंध नाकापर्यंत आणतो, आणि आंबट, कडू किंवा खारट यांपैकी काही तरी देऊन घोटाला आकार देतो. यांतल्या एकाही कामाला साखर लागत नाही. मग मी गोडीची नक्कल करणे सोडून दिले आणि आमच्याच स्वयंपाकघरात काय आंबट, खारट, कडू आणि तिखट आहे ते पाहू लागलो. सगळ्या प्रयोगांत मला खरा आनंद या टप्प्यावर मिळाला.

सोड्यापासूनच सुरुवात केली. सोडा आदल्या रात्रीपासून फ्रिजमध्ये हवा, कारण थंड पाण्यात वायू जास्त टिकतो. पेला उंच आणि अरुंद हवा, आणि सोडा सर्वांत शेवटी, पेल्याच्या कडेने ओतायचा. एवढ्या गोष्टी पाळल्या तर साध्या सोड्यातली जिनसुद्धा खुलून येते. मग मिठाची चिमूट. केटो आहारात इन्शुलिनची पातळी उतरते, तशी मूत्रपिंडे सोडियम जास्त बाहेर टाकतात, आणि मद्यानेही लघवीचे प्रमाण वाढते. त्यामुळे सैंधवाची चिमूट माझ्या बाबतीत चवीलाही उपयोगी पडली आणि रविवारी सकाळी होणाऱ्या डोकेदुखीलाही. रक्तदाब असलेल्यांनी मात्र हे डॉक्टरांना विचारूनच करावे. आले किसून, पिळून काढलेल्या रसाचा एक चमचा, अर्धे लिंबू आणि सोडा यांनी व्हिस्कीसोबतच्या जिंजर एलची जागा घेतली, आणि खरे सांगायचे तर बाटलीतल्या जिंजर एलमध्ये एवढे आले मला कधी जाणवले नव्हते. टॉनिकचा कडूपणा संत्र्याच्या सालीने काही अंशी भरून निघाला: फळ खायचे नाही, फक्त सालीची पातळ पट्टी घेऊन पेल्यावर पिळायची. सालीतले तेल फवाऱ्यासारखे सोड्यावर पडते आणि दिव्यासमोर धरले तर तो बारीक तुषार डोळ्यांना दिसतो.

कोकम हे मला मिळालेले सर्वांत समाधानकारक उत्तर आहे. बाजारात मिळणारे कोकम सरबत साखरेच्या पाकातलेच असते, ते चालत नाही. आमसुले धुऊन कोमट पाण्यात दोन तास भिजवायची, हाताने कुस्करून गाळून घ्यायची, त्यात भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि सैंधव घालायचे. हे गडद जांभळे पाणी ३० मिली, व्होडका ३० मिली, बर्फ आणि वरून सोडा. सोडा पडताच तो रंग तळापासून गुलाबी होत वर चढतो. आमसुलांना मीठ लावलेले असते, म्हणून सैंधव आधी चव घेऊन मगच घालावे. पहिल्यांदा मी हे विसरलो आणि तो पेला ओतून द्यावा लागला. जेवणाशी याची संगत इतकी सहज जमते की आता आमच्याकडे मासे असले की दुसरे पेय होत नाही.

जानेवारीत मेहुण्याने एक कल्पना मांडली आणि तिच्यामुळे हा सगळा प्रवास मला खऱ्या अर्थाने नाशिकचा वाटू लागला. पिकलेल्या द्राक्षात १०० ग्रॅममागे १७-१८ ग्रॅम कर्बोदके असतात, त्यामुळे द्राक्षांच्या गावात राहून मी त्या हंगामात द्राक्षांकडे पाहतही नव्हतो. मेहुणा म्हणाला, “दाजी, पिकलेलं नको तर कच्चं घ्या की. मण्यात पाणी उतरायच्या आधी त्यात गोडी कुठं असते?” त्याचे म्हणणे अगदी बरोबर होते. द्राक्षाच्या मण्यात पाणी उतरेपर्यंत, म्हणजे तो पिकायला लागेपर्यंत, साखर फार थोडी असते आणि टार्टरिक व मॅलिक आम्ले भरपूर असतात. युरोपात अशा कच्च्या द्राक्षांचा रस स्वयंपाकात शतकानुशतके वापरला जातो. पण विरळणीत, म्हणजे घडातले जादा मणी कमी करताना, काढलेले त्याच्या बागेतले मणी घ्यायला मी नकार दिला. ऑक्टोबर छाटणीनंतर डावणी आणि भुरी या रोगांसाठी फवारण्या सुरू असतात, वाढीची संजीवकेही दिलेली असतात, आणि काढणीपूर्वी औषधाचा अंश उतरायला जो काळ सोडावा लागतो तो त्या अवस्थेत मिळालेलाच नसतो. मेहुण्याने ते लगेच मान्य केले. त्याच्या घरामागे विहिरीजवळच्या मांडवावर एक जुना वेल आहे, त्याला कधीच फवारणी होत नाही. त्या वेलाची छाटणी उशिरा झाली होती, म्हणून घड अजून कच्चेच होते. तिथले दोन घड त्याने आणून दिले.

मणी वाटाण्याएवढे, टणक, गडद हिरवे होते. ते खलबत्त्यात चेचून मलमलच्या कापडातून पिळले. पाऊण वाटी रस निघाला, आणि पाचच मिनिटांत त्याचा हिरवा रंग तपकिरीकडे झुकू लागला, म्हणून उरलेला ताबडतोब बर्फाच्या साच्यात ओतून गोठवला. १५ मिली रस, ३० मिली जिन आणि सोडा. लिंबाचा आंबटपणा टोकदार असतो, याचा गोलसर होता, आणि शेवटी कैरीच्या सालीसारखा तुरटपणा रेंगाळत होता. एका तासाने साखर ९६ ची ९८ झाली, म्हणजे जवळपास होती तिथेच राहिली. सौ.ने तो पेला संपवून एवढेच विचारले की वेलावर अजून किती घड आहेत.

वाइनबद्दल थोडक्यात लिहितो, कारण नाशिकमध्ये राहून पाहुण्यांना वाइन न पाजणे शक्य नाही. कोरड्या लाल वाइनच्या १५० मिलीत सुमारे ४ ग्रॅम कर्बोदके असतात, तेवढी मला परवडतात. उशिरा तोडलेल्या द्राक्षांची, जेवणानंतर घेतात ती गोड वाइन परवडत नाही. फळांचे रस घालून केलेल्या सांग्रियाऐवजी मी १०० मिली कोरडी लाल वाइन, तेवढाच सोडा, संत्र्याची साल आणि दालचिनीचा तुकडा देतो. गंगापूर धरणाकाठच्या वायनरीतून आलेले पाहुणेही ते मागून घेतात.

डिसेंबरातल्या तपासणीत एचबीएवनसी ५.६ आले. ते मुख्यतः आहाराचे आणि सकाळच्या चालण्याचे फळ आहे, मिक्सरचा त्यातला वाटा वेगळा काढता येणार नाही आणि मी काढतही नाही. डॉक्टरांनी वही मात्र पूर्ण चाळली आणि ६० मिलीची मर्यादा आहे तशीच ठेवली.

बाहेर जाताना आता मी बंद बाटलीतला सोडा, कापलेले अख्खे लिंबू आणि मीठ अशा तीन गोष्टी वेगवेगळ्या मागतो आणि पेल्यात स्वतः मिसळतो. लग्नकार्यात हे जमत नाही, तिथे पाणी घेतो. आमसुलाचे पाणी शुक्रवारी रात्रीच करून ठेवतो आणि बाटलीवर तारीख लिहितो, कारण तीन दिवसांच्या पुढे ते फ्रिजमध्येही नीट राहत नाही. मेहुण्यासाठी त्यातली एक बाटली वेगळी असते. तो ती सोबत घेऊन जातो, बागेत दुपारी मजुरांसोबत नुसत्या थंड पाण्यात मिसळून पितो आणि पुढच्या शनिवारी रिकामी बाटली धुऊन परत आणतो.